स्प्रिंगा नव्या टाकल्या, तरी गाडी समोरून पुन्हा का बसते? (मर्सिडीज डब्ल्यू 124)

जुन्या मर्सिडीज ई-क्लासची, म्हणजे डब्ल्यू 124 ची, एक तक्रार इंदूरमध्ये सारखी कानावर येते: गाडी समोरून बसली, आणि डावीकडून जरा जास्तच. मालक स्प्रिंगा बदलतात, गाडी छान उठते, हिवाळा बरा जातो. पुढचा पावसाळा सरेपर्यंत डावं मडगार्ड पुन्हा टायरच्या अंगावर आलेलं असतं. मग मिस्त्री बदलतो, स्प्रिंग बदलते, पैसे पुन्हा जातात आणि गाडी पुन्हा बसते.

रामबागेतल्या एका काकांच्या ई 250 डिझेलवर हे बराच काळ चाललं होतं. ती गाडी आता सरळ उभी आहे. त्या कामात काय तपासलं आणि काय निघालं ते इथे सविस्तर मांडतो. समोरची उंची एकट्या स्प्रिंगवर ठरत नाही. स्प्रिंग, तिच्या डोक्यावरचं रबरी पॅड आणि लोअर आर्मचे (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, या तिघांची मिळून ती ठरते. एकाचं काम करून बाकी दोघांकडे पाहिलंच नाही, तर गाडी पुन्हा बसणारच.

ही गाडी जगात 1984 साली आली आणि आपल्याकडे 1995 पासून पुण्यात तिची जुळवणी सुरू झाली, ई 220 पेट्रोल आणि ई 250 डिझेल अशी. म्हणजे इथली सगळ्यात तरुण गाडीसुद्धा आता पंचविशी ओलांडून गेली. हिच्या समोरच्या सस्पेन्शनची ठेवण लक्षात घ्यायला हवी. आजच्या बहुतेक गाड्यांत स्प्रिंग शॉकअपच्या अंगावरच चढवलेली असते. इथे दोन्ही वेगळे आहेत. स्प्रिंगचं खालचं टोक लोअर आर्मच्या वाटीत बसतं आणि वरचं टोक रबरी पॅडमधून बॉडीच्या बैठकीत. त्यामुळे शॉकअपचं वरचं माउंट दबलं म्हणून ही गाडी खाली येत नाही, आणि नवे शॉकअप टाकले म्हणून वर जात नाही. शॉकअप हेलकावे आवरतो, वजन स्प्रिंग पेलते. गॅसचा शॉकअप किंचित रेटा देतो खरा, पण बसलेली गाडी उठवण्याइतका नाही. "शॉकअप बदला, उठेल" असा सल्ला मिळाला तर तो खर्च थांबवा.

हात लावण्याआधी मोजा

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. इंदूरच्या जुन्या वाड्यांपुढच्या फरशीला पाणी जायला उतार असतो, पेट्रोल पंपाच्या फरशीलाही असतो. अशा जागी सरळ गाडीसुद्धा वाकडी दिसते. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल नळी मागून आणा, पाणी भरा आणि चारही चाकांखालची जमीन एका पातळीत आहे का ते पाहा. नसेल तर कमी भरेल त्या चाकाखाली फळी किंवा जुन्या फरशीचा तुकडा घाला. या कामाला अर्धा तास लागतो आणि पुढचे सगळे आकडे त्यावरच उभे राहतात.

मग चारही टायरांची हवा सारखी करा, डिकी रिकामी करा, टाकी शक्यतो भरलेली ठेवा. गाडी हाताने थोडी मागे-पुढे ढकला म्हणजे जॅकवरून उतरताना चाकं आखडली असतील तर मोकळी होतील. बॉनेट दोन-तीनदा दाबून सोडा. आता चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजा. जमिनीपासून मोजू नका, कारण एका बाजूचा टायर जास्त झिजला असेल तर तोही फरक मापात येतो. डावा-उजवा फरक दहा मिलिमीटरच्या आत असेल तर या वयाच्या गाडीला मी काही करणार नाही. काकांच्या गाडीत तो वीसच्या वर होता, म्हणजे लांबूनच दिसत होता.

जुन्या गाडीत आणखी एक गोम असते. मडगार्ड कधीतरी ठोकून, पुटी भरून बसवलेलं असलं तर त्याची कड मूळ जागी नसते. म्हणून गाडीखाली जाऊन दोन्ही लोअर आर्मही पाहा. आतल्या बोल्टचा मध्य आणि बाहेरच्या बॉल जॉइंटचा (चाकाकडच्या गोल सांध्याचा) मध्य यांच्या उंचीत किती फरक आहे, तो डावीकडे आणि उजवीकडे मोजा. पत्र्याचं माप फसवू शकतं, आर्मचा उतार फसवत नाही.

डावीच बाजू का? चालवणारा तर उजवीकडे बसतो. कारण रस्त्यात आहे. आपल्याकडे डांबराची डावी कड तुटलेली असते, साइड देताना डावी चाकं खाली उतरतात आणि वर चढतात, पाणीही त्याच कडेला साचतं. खंडवा रोडने भेरूघाट उतरून येणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. वर्षानुवर्षं डाव्या स्प्रिंगने जास्त मार खाल्लेला असतो आणि डाव्या आर्मची वाटी जास्त वेळ ओली राहिलेली असते.

कलतंय पुढचं की मागचं?

डावा पुढचा कोपरा खाली दिसला की सगळे डाव्या पुढच्या स्प्रिंगवर जातात. पण उजवीकडची मागची स्प्रिंग चढी असेल किंवा डावीकडची मागची बसलेली असेल, तरी पुढचा डावा कोपरा खाली दिसू शकतो. याची परीक्षा सोपी आहे. ट्रॉली जॅक समोरच्या मधल्या क्रॉस मेंबरखाली (गाडीखालच्या आडव्या तुळईखाली) बरोबर मध्यावर लावा, मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवा, आणि पुढची चाकं जमिनीवरून सुटेपर्यंत गाडी उचला. मागची चाकं जमिनीवरच राहू द्या, त्यांना पुढून-मागून अडण लावा. आता गाडीचा पुढचा भाग एका बिंदूवर तोललेला आहे आणि डावा-उजवा कल फक्त मागच्या स्प्रिंगा ठरवतात. गाडी सरळ झाली तर दोष पुढे. तशीच कललेली राहिली तर आधी मागे पाहा. या वेळी कोणीही गाडीखाली जायचं नाही, फक्त मागून पाहायचं.

काकांची गाडी सरळ झाली, म्हणजे शोध समोर घ्यायचा होता. एका ओळखीच्या पेट्रोल गाडीत मात्र उलटं निघालं. डिकीत सीएनजीची टाकी आली म्हणून मागे जाड पॅड घातले होते, शेपूट वर गेलं होतं आणि त्यामुळेच समोरून बसल्यासारखी दिसत होती. पुढे काहीच बिघडलेलं नव्हतं.

तुटकी वेटोळी

स्प्रिंग बसते आणि स्प्रिंग तुटते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डब्ल्यू 124 ची स्प्रिंग बहुधा अगदी खालच्या वेटोळीत, वाटीच्या आत तुटते. वरून पाहणाऱ्याला ती अखंडच दिसते. आपल्या माळव्याची काळी माती चाकाबरोबर उडून त्या वाटीत जाऊन बसते, पावसाळाभर ओल धरून ठेवते, स्प्रिंगचा रंग सुटतो, गंज धरतो आणि गंजाच्या खड्ड्यातून तडा सुरू होतो. तुकडा वाटीतच राहतो, गाडी एका बाजूने अचानक थोडी खाली येते, आणि गतिरोधकावरून जाताना खालून "टण्" असा आवाज येतो.

चाक काढा, गाडी स्टँडवर भक्कम ठेवा, आणि वाटीतली माती स्क्रू-ड्रायव्हरने कोरून पाण्याने धुवा. मग टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन स्प्रिंगचं टोक शोधा. कारखान्यातून आलेलं टोक सरळ कापलेलं असतं आणि आर्मच्या वाटीतल्या खाचेला लागून बसलेलं असतं. तुटलेलं टोक तिरकं, खडबडीत असतं, त्याचा काही भाग काळा-तांबडा आणि काही भाग ताजा चकचकीत दिसतो. काळा भाग म्हणजे जुना तडा, चकचकीत भाग म्हणजे शेवटी तुटलेला. असं दिसलं की गाडी चालवायची नाही. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा जोडीनेच बदला. एक नवी आणि एक पंचवीस वर्षांची अशी जोडी कधीच एका उंचीवर उभी राहत नाही.

पुन्हा का बसते

बसलेली स्प्रिंग "मऊ" झाली असं लोक म्हणतात. तसं होत नसतं. पोलादाचा कडकपणा वयाने जात नाही. तारेची जाडी, वेटोळीचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या यांवर स्प्रिंगचा ताठपणा ठरतो आणि तो तसाच राहतो. कमी होते ती स्प्रिंगची मोकळी लांबी. सतत ओझ्याखाली आणि धक्क्यांखाली ती कायमची थोडी आखूड होते. ताठपणा तोच, लांबी कमी, म्हणून गाडी खाली.

हे समजलं की बाजारातले दोन उपाय का टिकत नाहीत तेही समजतं. पहिला उपाय म्हणजे स्प्रिंग तापवून ताणून देणं. ट्रकच्या पाट्यांना कमान मारतात तसंच हेही करून मिळतं आणि नव्या जोडीच्या मानाने अगदी स्वस्त. पण स्प्रिंगचा दम तिच्या उष्णसंस्कारात असतो. कारखान्यात तिला पाणी दिलेलं असतं (म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक केलेलं असतं), ठराविक तापमानाला परत तापवून चिवट केलेलं असतं, बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग घट्ट केलेला असतो आणि शेवटी पूर्ण दाबून तिची बैठक पक्की केलेली असते. गॅसच्या ज्योतीवर लाल केली की हे सगळं गेलं. ती उंच दिसते आणि काही महिन्यांत पहिल्यापेक्षाही खाली येते. काकांच्या गाडीतली एक जोडी अशीच होती. काढल्यावर दोन वेटोळ्यांवर तापवल्याचा निळसर-करडा पट्टा स्पष्ट दिसत होता.

दुसरा उपाय वेटोळ्यांमध्ये घालायच्या रबरी बफरचा. गाडी लगेच उठते. पण जिथे बफर बसतो तिथल्या वेटोळ्या हलायच्या बंद होतात आणि त्यांचं काम बाकीच्यांवर पडतं. गंजलेल्या जुन्या स्प्रिंगला हे घातलं तर तिथूनच तुटायची भीती. बफरखाली पाणी आणि चिखलही अडकतो. मी हा उपाय या गाडीला सुचवणार नाही.

आता चुकीची स्प्रिंग. ई 250 डिझेलचं पाच सिलिंडरचं इंजिन ई 220 च्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनापेक्षा जड. दोघांच्या स्प्रिंगा एक नाहीत. त्यावर एसी, सनरूफ असं सामान मोजून मर्सिडीज प्रत्येक गाडीला गुण देते आणि त्या गुणांवरून स्प्रिंग आणि पॅड यांची जोडी ठरवते. म्हणून "124 ची पुढची स्प्रिंग द्या" एवढं दुकानात सांगून भागत नाही, मग ते मुंबईचं ऑपेरा हाउस असो की दिल्लीचा काश्मिरी गेट. चॅसिस नंबर द्या, त्यावरून भाग क्रमांक काढून घ्या. भंगारातल्या गाडीची स्प्रिंग घेऊ नका, तीही तितकीच वर्षं उभी राहिलेली असते.

पॅडकडे कोणी पाहतच नाही. स्प्रिंगच्या डोक्यावरच्या त्या रबरी कड्याच्या कडेवर छोटे उंचवटे असतात, बोटाने चाचपले तरी लागतात. एक उंचवटा म्हणजे 8 मिलिमीटर जाडी, दोन म्हणजे 13, तीन म्हणजे 18 आणि चार म्हणजे 23. स्प्रिंग आर्मच्या मधल्या भागात बसते आणि चाक आर्मच्या टोकाला असतं, म्हणून पॅडमधला 5 मिलिमीटरचा फरक चाकापाशी त्याहून जास्त, साधारण दीडपट दिसतो. काकांच्या गाडीत उजवीकडे तीन उंचवट्यांचं पॅड होतं आणि डावीकडे एकाचं, तेही चिरलेलं. कधीतरी एका बाजूचं फाटलं असेल आणि मिळेल ते घातलं असेल. म्हणजे दोन्हीकडे कोरी करकरीत स्प्रिंग टाकली असती तरी गाडी डावीकडे कललेलीच राहिली असती! किरकोळ कल पॅडच्या जाडीने काढता येतो, त्यासाठीच ते वेगवेगळ्या जाडीचे मिळतात. पण आधी दोन्हीकडे सारखं पॅड घालून मोजा, मग गरज पडली तर एका पायरीचा फरक करा.

खरं दुखणं: हवेत आवळलेले बुश

इतकं सगळं बरोबर करूनही गाडी काही महिन्यांनी बसते, तेव्हा दोष जवळजवळ नेहमी इथे सापडतो.

लोअर आर्मचे आतले बुश म्हणजे रबर आणि त्याला आतून-बाहेरून घट्ट चिकटलेली लोखंडी नळी. आर्म वर-खाली होतो तेव्हा नळी फिरत नाही, रबर पिळलं जातं. बोल्ट आवळला की आतली नळी बॉडीला जखडली जाते आणि त्या क्षणी आर्म ज्या कोनात असेल तीच रबराची विश्रांतीची जागा ठरते.

गॅरेजमध्ये काय होतं पाहा. गाडी जॅकवर, चाक काढलेलं, आर्म खाली लोंबकळत. स्प्रिंग बसवली, बुश नवे ठोकले, बोल्ट तिथेच कचकचून आवळले, चाक लावलं, गाडी खाली. आता वजन आलं की आर्म वर जातो आणि रबर जन्मापासूनच पिळलेल्या अवस्थेत राहतं. ते पिळलेलं रबर आर्मला खाली रेटतं, म्हणजे गाडीला वर उचलतं. मालक खूश: "मस्त उठली." ती काही मिलिमीटरची उंची स्प्रिंगची नसते, रबराची असते. शहरातला प्रत्येक गतिरोधक त्या रबराला आणखी पिळतो. काही महिन्यांत ते चिरतं, नळीपासून सुटतं, रेटा संपतो आणि गाडी खाली येते. मिस्त्री म्हणतो, "काका, स्प्रिंग हलकी निघाली." स्प्रिंग चांगली असते.

काकांचे बुश काढले तेव्हा रबर नळीभोवती अर्ध्या गोलात फाटलेलं होतं आणि फाटलेल्या जागी काळी भुकटी साठलेली होती. फार जुने नव्हते ते.

योग्य रीत अशी. सगळं जोडा, पण आतले बोल्ट नुसते हाताने बसवा. चाकं लावा, गाडी चारही चाकांवर जमिनीवर आणा, मागे-पुढे हलवा, बॉनेट दाबून बैठक घेऊ द्या. मग खालून, गाडीचं वजन चाकांवर असतानाच, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) कंपनीच्या मापाला आवळा. त्यासाठी पिट (गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा) हवी किंवा चार खांबांची लिफ्ट, जिच्यावर गाडी चाकांवर उभी राहते. दोन खांबांच्या लिफ्टवर चाकं लोंबतात, तिथे हे काम करू नका.

आणि इथे अलाइनमेंटवाल्याचाही संबंध येतो. या गाडीत कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) जुळवायचे एक्सेंट्रिक, म्हणजे मध्य सरकवलेले, बोल्ट म्हणजे हेच आतले बोल्ट. अलाइनमेंट करताना ते सैल होतात आणि पुन्हा आवळले जातात. रॅम्पवर चाकांवर उभ्या गाडीत आवळले तर उत्तम, बुशला उलट फायदाच. पण सोयीसाठी त्याने समोरून जॅक लावून आवळले तर तुमची सगळी मेहनत गेली. त्याच्याजवळ उभं राहा आणि आधीच सांगून ठेवा.

स्प्रिंग काढणं घरी करू नका

दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतकी ताकद असते. बाजारात मिळणारे दोन हुकांचे, बाहेरून लावायचे कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायची अवजारं) या स्प्रिंगला नीट धरत नाहीत आणि वाटीत ते लावायला जागाही नसते. हिला आतून जाणारा, ताटल्या असलेला कॉम्प्रेसर लागतो. तो ज्याच्याकडे आहे आणि ज्याने तो वापरलेला आहे, अशाच मिस्त्रीकडे गाडी द्या. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची: आर्मला फार खाली जाण्यापासून शॉकअपच अडवतो. म्हणून चाक लोंबकळत असताना, आर्मखाली आधार न देता शॉकअपचा वरचा नट कधीही सोडायचा नाही. सोडला तर आर्म झटक्यात खाली जातो आणि स्प्रिंग बाहेर उडते.

काम झाल्यावर नव्या स्प्रिंगा थोड्या बैठक घेतात. त्यामुळे काही शे किलोमीटर चालवून पुन्हा मोजा आणि शेवटची अलाइनमेंट तेव्हाच करून घ्या. बसलेल्या गाडीत चाकाचा वरचा भाग आत झुकतो आणि टायर आतल्या कडेने खातो. उंची परत आली की तो कोन बदलतो, जुनी अलाइनमेंट चालत नाही. हेडलाइटही तपासा. समोरून गाडी उठली की झोत वर जातो आणि एबी रोडवर समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

नंतरच्या पिढीच्या डब्ल्यू 210 वाल्यांनी मात्र ही सगळी यादी बाजूला ठेवून आधी एकच जागा पाहावी: स्प्रिंगची वरची बैठक. त्या गाडीत ती आतल्या पत्र्याला वेल्ड केलेली असते आणि सीलंटखाली गंज धरून सुटते. गाडी मुंबईहून किंवा कोकणपट्टीतून आणलेली असेल तर हे नक्की तपासा. चाक काढा, बैठकीच्या कडेचं सीलंट खरवडा. फुगलेला रंग किंवा तांबडी रेघ दिसली तर गाडी टो करून अशा पत्राकामवाल्याकडे न्या, ज्याला ही बैठक नवी वेल्ड करता येते.